मालिकेत नवं पात्र येतं आणि घरचं होऊन जातं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कर्वेनगरला राहते आणि बरीच वर्षं दैनंदिन मालिकांसाठी संवाद लिहिते. महिन्यातल्या एका रविवारी सदाशिव पेठेत लेखनाची छोटी कार्यशाळाही घेते. तिथे येणारी मुलं, आमच्या सोसायटीतल्या काकू आणि लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. नव्यानेच आलेल्या एखाद्या पात्रावर सगळ्यांचा जीव जडला की हे प्रश्न जास्तच येतात. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. रोज संध्याकाळी लाखो घरं ज्या माणसांच्या सोबतीने जेवतात, त्या माणसांबद्दल मन लावून बोललं पाहिजे असं मला वाटतं.

जुनी पात्रं वर्षानुवर्षं राबतात आणि परवा आलेला माणूस भाव खाऊन जातो. असं का होतं?

कारण तो माणूस आपल्या बाजूने त्या घरात शिरलेला असतो. माझ्या लेखी बाकीची सगळी कारणं यानंतरची.

मालिका रोज बघणाऱ्या बाईला त्या घरातलं सगळं पाठ असतं. कोण खोटं बोलतंय, कुणी कुणाचं पत्र दडवलं, कुणाच्या कष्टांवर कोण मिरवतंय. कणीक मळता मळता ती टीव्हीकडे बघून म्हणते, ‘अगं, बोल की आता!’ आत कुणालाच ऐकू जात नाही. जाणार तरी कसं? घरातल्या प्रत्येकाच्या तोंडाला आम्ही लेखकांनीच कुलूप घातलेलं असतं. एकाला दिलेलं वचन आडवं येतं, दुसऱ्याला कुणाचे तरी उपकार, तिसरीला घराची अब्रू. त्यांच्यापैकी एक जण जरी खरं बोलला तरी कथा त्याच दिवशी संपेल. मग बाहेरून कुणीतरी येतं. त्याच्या डोक्यावर ना उपकार, ना वचन. आल्यावर दुसऱ्याच प्रसंगात तो सहज विचारतो, ‘तुम्ही जेवलात का?’ शेकडो भागांत हे त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि बघणारीच्याही.

‘आई कुठे काय करते’ ही मालिका डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळजवळ पाच वर्षं चालली. अरुंधतीचं झिजणं आणि तिच्या नवऱ्याचं, अनिरुद्धचं, तिला गृहीत धरणं आपण पहिल्या दिवसापासून बघत होतो. २०२१ मध्ये तिचा कॉलेजातला मित्र आशुतोष केळकर आला. ती भूमिका ओंकार गोवर्धनची. आशुतोष काही अचाट करत नव्हता. तो अरुंधतीकडे नीट लक्ष देत होता, तिचं ऐकून घेत होता. आपणही घरी बसून तेच करत आलो होतो. ही मालिका मूळ बंगाली ‘श्रीमोयी’वरून घेतलेली, आणि त्याच कथेवर हिंदीत ‘अनुपमा’ आली. बंगालीत त्या जागी रोहित सेन होता, तोता रॉय चौधरीने केलेला. हिंदीत अनुज कपाडिया, गौरव खन्नाने केलेला. भाषा तीन, नट तीन, प्रत्येकाची चण वेगळी, बोलण्याची लकब वेगळी. तरी तिन्हीकडे लोकांनी त्या माणसाला डोक्यावर घेतलं. प्रेम आधी त्या जागेवर बसतं आणि मग नटावर, असं मी म्हणते ते यावरून.

‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये अद्वैत दादरकरचा सौमित्र असाच मागून आला आणि राधिकाच्या पाठीशी उभा राहिला. राधिकाच्या नवऱ्याचे, गुरुनाथचे, प्रताप बघून बघून लोक इतके तापले होते की सौमित्रला आल्या आल्या पाट मांडून बसवलं त्यांनी.

म्हणजे देखणा नट घेतला की भागतं?

नाही. देखणेपणा प्रोमोला पुरतो, फार तर पहिल्या आठवड्याला. पुढच्या आठवड्यात लोक तो काय करतो ते बघायला लागतात.

पहिल्या प्रवेशात नेमकं असं काय घडतं की माणूस मनात बसतो?

माझ्याच कामातला एक प्रसंग सांगते. मालिकेचं नाव नको.

नायिकेचा एक धाकटा मामा आणायचा होता. काम एवढंच, की तिच्या सासरी यायचं, जमिनीच्या कागदावर सही करायची आणि परत जायचं. आठ भागांचं पात्र. पहिला प्रसंग असा होता की मामा हॉलमध्ये बसलेत, सासू गोड आवाजात टोमणे मारतेय, नायिका चहा आणून देते. माझ्या कागदावर शेवटची ओळ होती, ‘मामा चहा संपवून उठतात.’ पुढचा संवाद स्वयंपाकघराच्या दाराशी होता, म्हणून दिग्दर्शकाला मामांना तिथवर न्यायचं होतं. नटाने विचारलं, ‘पण मी आत का जाऊ?’ प्रश्न बरोबर होता. पाहुणा माणूस पहिल्याच दिवशी आत कशाला जाईल? कुणाला उत्तर सुचेना. मग तोच म्हणाला, ‘कप ठेवायला जातो.’

टेक सुरू झाला. तो कप-बशी घेऊन आत गेला. सेटवरच्या नळाला पाणी नसतं, म्हणून त्याने शेजारच्या पातेल्यातलं पाणी ओतून कप विसळला, बशी विसळली, दोन्ही ओट्यावर पालथी घातली. हात झटकले, पँटला पुसले आणि मग पहिलं वाक्य बोलला. कॅमेरामनने कॅमेरा त्याच्या हातांवर ठेवला होता. दहा-बारा सेकंदांचा मामला.

भाग दाखवला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. जमिनीबद्दल, सहीबद्दल, टोमण्यांबद्दल एक शब्द नाही. ‘तुमच्या त्या मामांनी कप विसळला हो!’ एवढंच म्हणाल्या आणि दोन पायऱ्या चढून परत वळल्या. ‘आणि पालथा घातला.’

त्या घरात चार पुरुष होते. मालिकेचे शेकडो भाग झाले होते आणि त्यांपैकी एकानेही स्वतःचा कप उचलून आत नेला नव्हता. ते भाग लिहीत असूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. काकूंच्या आलं होतं. तेव्हापासून नवं पात्र लिहायला घेतलं की मी आधी विचार करते, या घरात एवढ्या दिवसांत काय घडलेलंच नाही? पात्राचा पहिला प्रवेश तिथून सुरू करायचा.

ही तर चांगल्या माणसांची गोष्ट झाली. शेवंता, शनाया यांच्यावर लोक का भाळले?

कार्यशाळेत हा प्रश्न हमखास येतो, आणि मुलं तो जरा लाजत विचारतात. लाजण्यासारखं काही नाही त्यात.

आपल्या मालिकांमधली चांगली माणसं स्वतःसाठी फारसं काही मागत नाहीत. ती सोसतात, देतात, माफ करतात. अशा घरात ‘मला हवंय’ असं तोंडाने म्हणणारी बाई आली की खिडकी उघडल्यासारखं होतं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’तल्या शनायाला खरेदी हवी होती, लाड हवे होते आणि राधिकाचा नवरा हवा होता. हे ती लपवत नव्हती. तिचं वागणं बरोबर होतं असं कुणी म्हणणार नाही, पण ती पडद्यावर आली की पुढे काहीतरी घडणार ही खात्री असायची. लोक त्या खात्रीवरही प्रेम करतात.

शेवंताची गोष्ट आणखी खोल आहे. ‘रात्रीस खेळ चाले’चं पहिलं पर्व २०१६ मध्ये आलं तेव्हा अण्णा नाईक मेलेलेच होते. त्यांच्या जाण्यापासूनच कथा सुरू झाली. कोकणातल्या त्या वाड्यातली माणसं अण्णांबद्दल बोलायची आणि त्यांच्या नावालाही टरकायची. जानेवारी २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं, कथा मागच्या काळात गेली आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा जिवंत समोर उभे राहिले. ज्या माणसाबद्दल एवढं ऐकलं होतं तो आता बसतो कसा, बोलतो कसा, बघतो कसा, हे आपल्याला बघायचंच होतं. अण्णांची प्रेयसी शेवंता, अपूर्वा नेमळेकरने केलेली, याच पर्वात रंगली. अण्णांचा शेवट काय होणार हे प्रेक्षकाला आधीच माहीत होतं, त्यामुळे शेवंता हसत हसत त्या घराकडे ओढली जाताना काळजी वाटायची. ‘ही बाई चुकतेय’ आणि ‘हिचं काय होणार आता’ ही दोन वाक्यं एकाच वेळी मनात आली की पात्र सुटत नाही.

अण्णांच्या बाबतीत मी विद्यार्थ्यांना एकच सांगते. आधी पोकळी तयार करा. ज्याची वाट पाहायला लावलीत, त्याला जागा शोधावी लागत नाही.

‘जय मल्हार’मधली बानू तर दुसरी बायको. ती घराघरांत लाडकी कशी झाली?

हा प्रश्न पुण्याबाहेरच्या मुलांकडून जास्त येतो. पुणे जिल्ह्यातल्या माणसाला उत्तर अर्धं माहीत असतं.

मालिका मे २०१४ मध्ये सुरू झाली. देवदत्त नागेंचा खंडोबा आणि सुरभी हांडेची म्हाळसा लोकांच्या मनात पक्की बसल्यावर ईशा केसकरची बानू आली. सर्वसाधारण मालिकेत नवऱ्याच्या आयुष्यात आलेली दुसरी बाई म्हणजे शिव्यांची धनीण. इथे लोक तिची वाटच पाहत होते.

आमच्याकडे कितीतरी घरांचं कुलदैवत खंडोबा. जेजुरी पुण्याहून पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर. लग्न झालं की जोडप्याने तिथे जायचं, नवऱ्याने नवरीला उचलून घेऊन पायऱ्या चढायच्या, भंडारा उधळायचा, घरी जागरण घालायचं. जागरणात वाघ्या-मुरळी जी गाणी म्हणतात त्यांत म्हाळसा आणि बाणाईचं, म्हणजे मालिकेतल्या बानूचं, भांडण असतंच. म्हाळसा वाण्याची लेक, बाणाई धनगराची. दोघी एकमेकींना बोल लावतात आणि ऐकणारी माणसं गालात हसत कधी हिची, कधी तिची बाजू घेतात. गड चढताना अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं. माझी आजी तिथे टेकायची, पाय चोळायची आणि म्हणायची, ‘हिला वर जागा दिली नाही गं म्हाळसेने.’ तिच्या आवाजात बाणाईबद्दलची माया असायची आणि म्हाळसेबद्दल राग नसायचा.

म्हणजे बानू हे नवं पात्र मालिकेपुरतंच नवं होतं. मेंढरांमागे फिरणारी, मोकळं बोलणारी, देवालाही उलटं विचारणारी मुलगी लोकांनी गाण्यांतून कितीतरी पिढ्या पाहिली होती. तिला चेहरा मिळाला तो या मालिकेत. आणि म्हाळसेला लहान करून बानूला मोठं केलेलं नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकीला उजळण्यासाठी दुसरीला काळं करायची सवय आम्हा लेखकांना लागलेली आहे. जागरणाची गाणी ते करत नाहीत.

नवं पात्र चाललं की नाही हे वाहिनीला कधी कळतं?

टीआरपीचे आकडे बार्क ही संस्था देते. देशभरातल्या ५०,०००हून अधिक घरांमध्ये मोजणीची यंत्रं बसवलेली आहेत. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरतात आणि आकडे त्यापुढच्या गुरुवारी येतात. म्हणजे पात्र सोमवारी आलं तर त्या आठवड्याचा हिशेब हाती पडेपर्यंत दहा दिवस उलटलेले असतात. तोवर पुढचे भाग चित्रित झालेले असतात, त्याच्या पुढचे लिहूनही झालेले असतात. म्हणून आवडलेल्या पात्राचं काम वाढलेलं आपल्याला लगेच दिसत नाही. दोन-तीन आठवडे जातात.

आकड्यांच्या आधी कळायच्या खुणा वेगळ्याच असतात. सेटवरचे स्पॉटदादा आणि मेकअप करणाऱ्या ताई पुढचा प्रसंग काय आहे ते विचारायला लागतात. ते रोज बारा-बारा तास तिथे असतात, त्यांना सहसा कशाचं काही वाटत नाही. त्यांनी विचारलं की मला आकड्यांची गरज उरत नाही.

प्रेक्षकांच्या प्रेमामुळे पात्राचं आयुष्य खरंच वाढतं का?

हो, आणि जगभर वाढतं. अमेरिकेत ‘फॅमिली मॅटर्स’ ही मालिका १९८९ मध्ये सुरू झाली. पहिल्या पर्वाच्या मध्यावर शेजारचा एक चष्मिष्ट मुलगा, स्टीव्ह अर्कल, एका भागापुरता आला. जलील व्हाइट नावाच्या मुलाने तो असा केला की पुढे १९९८पर्यंत ती मालिका त्याचीच म्हणून ओळखली गेली. ‘चीअर्स’मध्ये १९८४ साली थोडक्या कामासाठी आणलेला फ्रेझर क्रेन १९९३ मध्ये स्वतःच्या नावाच्या मालिकेचा नायक झाला. ‘सुपरनॅचरल’मधला कास्टिएल २००८ मध्ये मोजक्या भागांसाठी आला आणि २०२० मध्ये मालिका संपेपर्यंत त्या कथेचा भाग राहिला.

आमचे मामा आठ भागांसाठी आले होते. सहा महिने राहिले.

विचित्र बोलणारी, म्हणी फेकणारी पात्रं लगेच का आवडतात? हा सोपा मार्ग नाही का?

पालुपद सोपं असतं, बोली सोपी नसते. दोन्हींत गल्लत करू नये.

‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं ‘काहीही हं श्री’ किंवा ‘तुझ्यात जीव रंगला’मधल्या राणादाचं ‘चालतंय की’ ही पालुपदं गाजली, कारण ती त्या माणसाच्या स्वभावातून आली होती. जान्हवीच्या तोंडी ते लटकं रागावणं होतं, राणादाच्या तोंडी तो आख्खा भोळेपणा होता. ती वाक्यं अदलाबदल करून बघा, दोन्ही मरतात.

बोलीचं तसं नाही. पुण्यात आज किती माणसं मूळ पुण्याची आहेत? सातारा, सोलापूर, नगर, कोल्हापूर, बीड, लातूर, कुठून कुठून माणसं येऊन इथे राहिली. वाकड-हिंजवडीला, हडपसरला, धायरीला. ऑफिसात, मुलांच्या शाळेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती बेतून बोलतात. घरातही हळूहळू तसंच बोलायला लागतात. मग एके संध्याकाळी टीव्हीवर एक म्हातारी येते आणि त्यांच्या गावच्या ठसक्यात म्हण हाणते. ‘देवमाणूस’मध्ये रुक्मिणी सुतार यांच्या सरू आजी आल्या तेव्हा हेच झालं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी साताऱ्याकडच्या. सरू आजींच्या आवाजाबरोबर त्या लाटणं हातात घेऊन हॉलच्या दारात यायच्या. एकदा एक म्हण ऐकून म्हणाल्या, ‘हे माझी आय म्हनायची.’ मग बराच वेळ गप्प होत्या. त्या दिवशी पोळ्या जरा करपल्या आणि कुणी काही बोललं नाही.

कितीतरी वर्षं मालिकांमधली गावरान बोली हसण्यासाठी वापरली गेली. घरगडी तसा बोलायचा, नायक प्रमाण बोलायचा. ज्या पात्रांनी ही रीत मोडली त्यांच्यावर लोकांनी जे प्रेम केलं, त्यात स्वतःचा मान परत मिळाल्याचा आनंद आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना बोली ‘घालायला’ सांगत नाही. ज्या गावचं पात्र असेल त्या गावच्या माणसाशी आधी चार दिवस बोला, मग लिहा.

एवढे तयार कलाकार एकदम येतात कुठून?

एकदम येत नाहीत. पुण्यात भरत नाट्य मंदिरात दर वर्षी महाविद्यालयांची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा होते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३पासून ती भरवते. विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, फिरोदिया करंडक आहे. तुम्हाला जो चेहरा ‘नवा’ वाटतो त्याने बहुतेक वेळा आठ-दहा वर्षं तालमीच्या हॉलमध्ये सतरंज्या घातलेल्या असतात. ‘तुझ्यात जीव रंगला’तल्या पाठकबाई म्हणजे अक्षया देवधर आणि नंदिता वहिनी म्हणजे धनश्री काडगावकर, दोघी पुण्याच्याच.

आमच्या मामांच्या नटाला कप विसळायचं सुचलं तेही तालमींमुळेच. ‘मी आत का जाऊ?’ हा प्रश्न रंगमंचावर वाढलेला माणूसच विचारतो.

आवडत्या पात्राचा कलाकार बदलला तर लोक स्वीकारतात का?

कधी स्वीकारतात, कधी नाही. शनाया आधी रसिका सुनीलने केली, मध्ये ईशा केसकरने केली, मग पुन्हा रसिकाने. लोक कुरकुरले, पण मालिका चालत राहिली. शेवंताच्या बाबतीत तिसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकरनंतर कृतिका तुळसकर आली तेव्हा तुलना फार झाली. माझा अंदाज असा की पात्राचा जोर त्याच्या करणीत असेल तर नवा चेहरा निभावून नेतो. जोर नजरेत आणि चालीत असेल तर नव्या कलाकाराला फार जड जातं. त्या मुलींचा यात काही दोष नसतो. बदलीवर येणाऱ्या कलाकाराला पहिले महिनाभर काय सोसावं लागतं ते मी जवळून पाहिलंय. तेवढे दिवस तरी त्यांच्याशी मायेने वागा, अशी माझी खरंच विनंती आहे.

नवं पात्र सपशेल फसतं ते कधी?

ते आलेलं असतं ते वाहिनीला हवं म्हणून, आणि घराला त्याची काही गरज नसते, तेव्हा. अमेरिकेत ‘द ब्रॅडी बंच’ या मालिकेतली मुलं मोठी झाली, तेव्हा घरात पुन्हा लहान मूल हवं म्हणून १९७४ मध्ये ऑलिव्हर नावाचा नात्यातला लहान मुलगा, आईचा भाचा, राहायला आणला. शेवटच्या सहा भागांत तो दिसला आणि मालिका बंद झाली. आजही तिकडे अशा ओढूनताणून आणलेल्या पात्राला त्याच्याच नावाने ओळखतात.

आपल्याकडची फसण्याची खास तऱ्हा वेगळी आहे. नवं पात्र यायच्या आधीच घरातले सगळे त्याचं कौतुक करायला लागतात. ‘तो आला की घर कसं भरून जातं!’ प्रेक्षक म्हणतो, आम्हाला तर अजून तसं काही दिसलं नाही. आणि मनातल्या मनात तो फुली मारून टाकतो. अण्णांच्या वेळची गोष्ट आणि ही, दोन्हींत माणसाबद्दल आधी बोललं जातं. फरक असा की अण्णांबद्दल लोक भीतीने, तुटक, एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते. त्यातून कुतूहल उरत होतं. नुसत्या कौतुकाने कुतूहल मरतं.

आई त्या पात्राबद्दल घरच्या माणसासारखी बोलते, उपास धरते, काळजी करते. हे बरोबर आहे का?

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ सालीच यावर लिहून ठेवलंय. पडद्यावरचा माणूस रोज ठरल्या वेळी येतो, आपल्याकडे बघून बोलतो आणि हळूहळू आपली त्याच्याशी ओळख होते. ओळख एकतर्फी असते, पण त्यातलं प्रेम खोटं नसतं, हे माझं मत. तुमच्या आईला हे पात्र खरं नाही हे पक्कं ठाऊक आहे. मुलं परदेशात असलेल्या, सांजवात करून एकट्या बसणाऱ्या कितीतरी आज्या कोथरूडला, बिबवेवाडीला आहेत. साडेसातला कुणीतरी येतं, हा त्यांचा दिवसाचा आधार आहे. तो हिरावून घेऊ नका. जमलं तर शेजारी बसून एक भाग बघा आणि ‘हा कोण आता नवीन?’ असं विचारा. पुढची वीस मिनिटं त्या सांगत राहतील.

खलपात्रं करणाऱ्या कलाकारांना मात्र लोक रस्त्यात अडवून बोलतात, फोनवर वाईटसाईट लिहितात. ते चूकच. पात्रावर चिडा, दिवसभर चिडा. माणसाला सोडा.

मग पुढे हेच प्रेम आटतं कशाने?

आमच्याच हाताने. मामा आवडले हे कळल्यावर वरून निरोप आला, मामांना रोज घ्या. रोज घेतलं. मग निरोप आला, मामांनी सासूला खडसावलं पाहिजे. खडसावलं. मग मामा प्रत्येकाला दोन-दोन पानी उपदेश करायला लागले. ते उपदेश मीच लिहिले, वाईट नव्हते लिहिलेले. पण जो माणूस न बोलता कप विसळतो म्हणून आवडला होता, त्याच्या हातातून कप काढून आम्ही त्याला भाषण दिलं. चौथ्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘मामा फार बोलतात हो हल्ली.’ आकड्यांत ते दिसायला आणखी तीन आठवडे लागले.

मी तेव्हा मीटिंगमध्ये जोर लावून भांडायला हवं होतं. एकदा बोलले, ऐकलं गेलं नाही, गप्प बसले. ते अजून टोचतं.

मला असं पात्र लिहायचंय. सुरुवात कुठून करू?

कुठलीही चालू मालिका घ्या. आठवडाभर बघा, आणि प्रत्येक भाग बघताना तुम्ही किंवा घरातलं कुणी टीव्हीला उद्देशून जे बोलेल ते तारखेनिशी वहीत लिहून ठेवा. ‘फोन उचल ना!’, ‘तिला पाणी तरी द्या कुणी’, ‘दार उघडं आहे, मागे बघ.’ शनिवारी वही उघडा. एकाच तऱ्हेचं वाक्य तीन-चारदा आलेलं दिसेल. ते वाक्य ज्याच्या तोंडी शोभेल असा माणूस कोण? त्याचं वय काय, गाव कुठलं, तो या घरात कुठल्या कामाने येईल, चप्पल कुठे काढेल? एवढं झालं की ते वाक्य खोडून टाका. तो ते बोलणार नाही, हाताने करून दाखवेल. माझ्या कार्यशाळेत पहिला रविवार यातच जातो.

मामांचं शेवटी काय झालं?

पाहुण्या पात्रांचं होतं तेच. एका सकाळी कळलं की ती कथा आवरायची आहे. निरोपाचा प्रसंग लिहायला वेळ दिला नाही. नायिकेच्या तोंडी एक वाक्य घातलं, ‘मामांना नाशिकला नोकरी लागली, काल रात्रीच्या गाडीने गेले.’ त्यानंतर त्यांचं नाव मालिकेत आलं नाही.

मी त्याच प्रसंगात, वाक्याच्या आधी, कंसात एक ओळ लिहिली होती. ‘ओट्यावर एक कप पालथा आहे. ती तो उचलून फडताळात ठेवते.’ दिग्दर्शकाने ती ठेवली.

काकू अजून जिन्यात भेटल्या की विचारतात, मामा परत यायचेत का. मी सांगते, नाशिकलाच आहेत, बरे आहेत.